दोरा बांधलेला दुधी

“कडू लागत होता, तर खाल्लात कशाला?”

डॉक्टरांनी हा प्रश्न तीनदा विचारला. पहिल्यांदा शुक्रवारी संध्याकाळी, थोरल्याला सलाईन लावताना. त्याच्या तोंडून उत्तराऐवजी पुन्हा उलटीच बाहेर आली. दुसऱ्यांदा शनिवारी, त्याच्या बायकोला, थोरलीला. आणि तिसऱ्यांदा रविवारी सकाळी, घरी सोडताना, सगळ्यांना मिळून. खाटेभोवती बाबा होते, धाकटा मुलगा नि त्याची बायको, धाकटी, होती, आणि बातमी कळताच बॅग भरून आलेली आत्या होती. शेवटी आत्यानेच तोंड उघडलं.

“आमच्या दादाच्या घरी परसात पिकलेलं टाकत नाहीत हो.”

“मग आता टाकायला शिका,” डॉक्टर म्हणाले. “दुधी जरा जरी कडू लागला तरी घास थुंकायचा. यांच्या जागी एखादं वयस्क माणूस असतं, तर दोन दिवसांत घरी गेलं नसतं.”

बाबांनी मान हलवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना बहात्तरावं चालू होतं.

गाडीत थोरला पुढे बसला, मांडीवर बादली घेऊन. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता, आणि आजारपणाबद्दलही त्याला त्याच भाषेत बोलता यायचं. “आतलं सगळं ऑइल काढून बदललंय माझं,” तो म्हणाला. ड्रायव्हर हसला. मागे कोणी हसलं नाही. थोरली मधे बसली होती. तिच्या एका अंगाला आत्या आणि दुसऱ्या अंगाला धाकटी. धाकटी सगळ्या रस्ताभर काचेकडे तोंड करून बसली. बाबा आणि धाकटा चालत येतो म्हणाले, आणि रस्त्याच्या दोन बाजूंनी चालू लागले.

या घरात भाजी विकत येत नसे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. थोरलीच्या सासूबाई होत्या तोवर परसात चार वाफे होते आणि बाकीचं बाजारातून यायचं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. बाबांचं आयुष्य मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेलं. बायको गेल्यावर दोन महिने ते नुसते बसून राहिले, आणि मग एके सकाळी टेप, सुतळी आणि खुंट्या घेऊन परसात उतरले. चारचे अकरा वाफे झाले, सगळे काटकोनात. गच्चीवर पिंपं चढली. दुसऱ्या वर्षी त्यांनी जेवताना जाहीर केलं की आता बाजाराची पिशवी खुंटीला राहील. ती राहिली. एकदा सलग एकोणीस दिवस पालक झाला. धाकटा म्हणायचा, आता आपल्याला शिंगं फुटतील. पण तो हे बाबा अंघोळीला गेल्यावर म्हणायचा. ताटात पडलेल्या भाजीला नावं ठेवणं म्हणजे बाबांना नावं ठेवणं, आणि बाबांना ठेवणं म्हणजे गेलेल्या आईला, असा एक हिशेब घरात कोणी न सांगता सगळ्यांना समजला होता.

म्हणून शुक्रवारी दुपारी पहिला घास तोंडात गेल्यावर थोरलीने काय केलं, तर पाण्याचा घोट घेतला. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा असा बसला की कान गरम झाले. तिने वर पाहिलं. सगळे खाली बघून जेवत होते. धाकटी म्हणाली, “भाजी छान शिजलीये ताई.” बाबांनी वाढून घेतलेलं संपवलं. भांडं मात्र रिकामं होईना. ते रिकामं करायचं काम नेहमीप्रमाणे थोरल्याच्या गळ्यात पडलं. तीनदा घेतली त्याने.

त्या रात्री बाकीच्या चौघांनाही त्रास झाला, पण प्रत्येकाने तो आपापल्या परीने लपवला. एकच संडास असलेल्या घरात हे किती जमलं असेल ते सांगायला नको.

*

दुपारी थोरला आतल्या खोलीत झोपला होता. दार अर्धवट उघडं ठेवलं होतं, हाक ऐकू यावी म्हणून. स्वयंपाकघरात थोरली घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती, आत्या समोर बसून तिला मदत केल्यासारखं करत होती. धाकटी ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती, एकच पातेलं तिसऱ्यांदा. बाबा मागच्या दाराने आत आले. त्यांच्या पायाला माती नव्हती. म्हणजे ते परसातून नव्हे, बाहेरून आले होते.

“रोपवाटिकेवाल्याला विचारून खात्री करून आलो,” ते म्हणाले. “दुधीजवळ त्याच्याच जातकुळीचा दुसरा भोपळा असेल आणि त्याचे पराग याच्या फुलावर पडले, तर फळ चांगलं येतं, पण त्याच्या बियांचा पुढचा वेल कडू निघू शकतो. मागच्या वर्षी कुंपणाला काय लावलं होतं, ते मी वेगळं सांगत नाही.”

सांगायची गरजच नव्हती. धाकटी लग्न होऊन आली ती तुंब्यांच्या बिया घेऊनच. तुंबा म्हणजे खायचा नव्हे तो, टणक सालीचा भोपळा. वेलावरच वाळू द्यायचा, मग भोक पाडून, आतलं खरवडून, वॉर्निश लावून पाखरांची घरटी करायची. बागेचं सामान विकणारा एक दुकानदार ती घ्यायचा. पहिल्या वर्षी त्याने पंधरा घेतली. यंदा साठ मागितली होती, आणि साठाला पुरतील एवढे तुंबे कुंपणावर लटकत होते, हिरवेगार, सालीवर लव असलेले.

“तुंबे काढायचे,” बाबा म्हणाले. “आज.”

“बाबा, अजून दोन महिने वेलावर राहायला पाहिजेत ते,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “आत्ता तोडले तर कुजतील. एकही वाळणार नाही.”

“माझा मुलगा दोन दिवस बाटलीवर होता.”

“मला माहीतच नव्हतं असं काही होतं ते. तुम्हालाच विचारून लावले होते.”

“विचारलंस तू. मी हो म्हटलं. ती माझी चूक, म्हणून तर मी ती निस्तरतोय.”

धाकटा दारात येऊन उभा होता. तो वायरमन, हत्यारांचा कमरेचा पट्टा रविवारीही सुटत नसे. “बाबा, वेली गेल्या तर आम्हीही जाऊ,” तो म्हणाला. “दोन खोल्या बघून ठेवल्यात मी.”

“कधी बघितल्यास?” आत्याने विचारलं.

“काल.”

“काल. म्हणजे भाऊ तिकडे सलाईनवर आणि तू इकडे नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारत हिंडत होतास.”

“आत्या, तू यात पडू नकोस.”

“मी पडतच नाहीये. मी शेंगा सोलतेय.” तिने एक शेंग मोडली. “पण दादा म्हणतो त्यात चूक काय आहे? पाखरांना घर नाही मिळालं तर ती झाडावर राहतील. आजवर राहिलीच की.”

धाकटीने पातेलं खाली ठेवलं. ती रडली नाही. तिचा चेहरा फक्त एकदम पाहुण्यासारखा झाला. थोरलीला तो चेहरा ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी, या घरात आली तेव्हा, तिने तो स्वतः पुष्कळ दिवस वापरला होता.

आता थोरलीच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, आणि ते तितकंसं शोभणारं नाही. धाकटा “दोन खोल्या” म्हणाला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर वरची खोली आली होती, धाकट्यांची, पूर्वेच्या खिडकीची. तिथे सुट्टीत आजोळी गेलेल्या आपल्या लेकीचं अभ्यासाचं टेबल खिडकीखाली लावायचं की भिंतीला, एवढं तिचं मनातल्या मनात ठरूनही गेलं होतं. मग ती दचकली. आणि दचकल्यावर जे तिला आठवलं, ते खरं तर शुक्रवारी पहिल्या घासालाच आठवलं होतं.

सासूबाईंचे डोळे शेवटच्या दोन वर्षांत अधू झाले होते. दुधीची फुलं पांढरी असतात आणि संध्याकाळी उमलतात. ती उमलायच्या आधी, ऊन कलताना, सासूबाई थोरलीला परसात घेऊन जायच्या. आज उमलणार अशा कळ्या हुडकायच्या, मागे इवलंसं फळ असलेली मादी कळी आणि बिनफळाच्या नर कळ्या, आणि त्यांची तोंडं निळ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधून टाकायची. अंधारून आलं की सोडायच्या, नर फूल मादीवर फिरवायचं, आणि मादीचं तोंड पुन्हा बांधायचं, रात्री पतंग कुठून काय घेऊन येतील ते तिथे पोहोचू नये म्हणून. नंतर पाकळ्या गळायच्या, आणि तोच दोरा सैल करून देठावर ठेवायचा. बियाण्याचं फळ तेवढंच. “परक्याचं लागलं की कडू निघतात,” त्या म्हणायच्या. बाबा त्या वेळी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे बुद्धिबळाच्या डावाला बसलेले असत. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसायचा तो देठावरचा निळा दोरा.

“बाबा,” थोरली म्हणाली, “आई कळ्या बांधायच्या.”

कोणाला काही कळलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

“बियांसाठी. कळी उमलायच्या आधी तिचं तोंड दोऱ्याने बांधायच्या. मग स्वतःच्या हाताने पराग लावायच्या आणि पुन्हा बांधायच्या. मी असायचे बरोबर. त्यांना दिसत नव्हतं म्हणून.”

“दोरा मीही बांधतो,” बाबा म्हणाले. “दर वर्षी. तिच्याच लोकरीचा.”

“तुम्ही फळाला बांधता, बाबा. सगळ्यांत चांगलं दिसेल त्याला. तोवर जे काही लागायचं ते लागून गेलेलं असतं.”

आत्या म्हणाली, “अगं, तो दोरा खुणेचा. हे तोडू नका म्हणून. वहिनीने मलाच सांगितलं होतं.”

“खुणेचाही होता. पण नंतर. आधी तो फुलाला असायचा.”

बाबा खुर्चीवर बसले. मोजणीच्या वेळी चुकीच्या खांबापासून साखळी टाकली गेल्याचं संध्याकाळी कळलं, तर सगळा दिवस पुन्हा मोजावा लागतो. तसं काहीतरी ते मनाशी करत असावेत. त्यांचे ओठ थोडे हलत होते.

“म्हणजे तुंबे तिथे नसते तर?” त्यांनी विचारलं.

“तर काही झालं नसतं. पहिल्या दोन वर्षी नाहीच झालं. आणि आईंची पद्धत केली असती, तर तुंबे असूनही झालं नसतं.”

“तू मला हे तीन वर्षांत का नाही सांगितलंस?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, तरी तिच्या हातातली शेंग हातातच राहिली. “पहिल्या वर्षी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, मला ठाऊक आहे सगळं. मागच्या वर्षी तुंबे लागले तेव्हा पुन्हा मनात आलं. तुम्ही परसात होतात, दोरा बांधत. मला म्हणालात, तुझ्या सासूची पद्धत मी मोडली नाही बघ.” “त्यावर काय बोलणार होते मी?”

“हेच, जे आज बोललीस.”

“हो. हेच बोलायला हवं होतं.”

“आणि परवा?” धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज आत्यावर चिडताना होता तसाच होता, फक्त रोख बदलला होता. “परवा भाजी कडू लागली तेव्हा?”

“लागली होती. मला लगेच कळलं होतं, कशाने ते. तुला नव्हती लागली कडू?”

धाकट्याने कमरेच्या पट्ट्याचं बक्कल चाचपलं.

“मी तर छान शिजलीये म्हणाले,” धाकटी म्हणाली.

“मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही,” आतल्या खोलीतून थोरल्याचा आवाज आला. तो जागाच होता. “सगळे खातायत म्हटल्यावर मी पण खाल्लं. भांडं कोणीतरी संपवायला पाहिजे ना.”

“मी असते तर थुंकले असते,” आत्या म्हणाली.

“तू नव्हतीस,” बाबा म्हणाले. मग ते ओट्याकडे वळले. “मलाही कडू लागला होता.”

आत्याने मान वर केली.

“पहिल्याच घासाला. दुधी माझा, बी माझं. म्हटलं, कोणी बोललं तर बघू. कोणी बोललं नाही. तेव्हा वाटलं, यांना नसेल लागत, माझ्या वयाने असेल.” त्यांनी मान हलवली. “नाही. असं काही वाटलं नाही. मी तुमची तोंडं बघितली होती. यांनाही लागतोय हे मला दिसत होतं. तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता तेव्हाही दिसत होतं.”

आत पलंग करकरला, म्हणजे थोरल्याने कूस बदलली असावी. बाबा उठले, मागच्या दाराशी चपला घातल्या आणि परसात गेले.

*

थोरली थोड्या वेळाने बाहेर आली, तेव्हा ते दुधीच्या मांडवाखाली होते. कुंपणाकडे ते फिरकलेच नव्हते. वेल बुंध्याशी कापून झाले होते, पाचही, आणि आता ते मांडवावर गुंतलेले ताणे एकेक करून सोडवत होते. सुरीने कापून काढले असते तर पंधरा मिनिटांचं काम. पण सुतळी पुन्हा वापरायची होती.

“सगळेच कडू नसतील, बाबा,” ती म्हणाली. “एखादा वेल गोड असेल.”

“तो कोणता, हे खाऊन बघणार कोण?”

तिने दुसऱ्या टोकाने सोडवायला घेतलं. मांडवावर अकरा दुधी होते. त्यांतल्या एकाच्या देठाला निळा दोरा होता, नीट, दुहेरी गाठीचा. बाबांनी तो दुधी इतरांसारखाच पाटीत टाकला.

“आईंचं जुनं बी?” तिने विचारलं.

“संपलं. दर वर्षी नवं धरायचं, जुनं पेरून टाकायचं. ते मात्र मी अगदी तिच्यासारखंच केलं.” त्यांनी सुटलेली सुतळी गुंडाळली. “उद्या दुकानातून पुडी आणेन. मिळतं म्हणे, पाकिटावर चित्रबित्र असतं.”

तिने ताणा सोडवला. चाळीस वर्षं एका बाईने संध्याकाळच्या संध्याकाळी राखलेला वेल होता तो, आणि शेवटी त्याची एक पाटी भरली. बाबांनी ती उचलली. तिने पुढे केलेला हात त्यांना दिसला नाही, किंवा दिसला असेलही.

“शिंप्याच्या दारात हाक मारली असतीस तरी चाललं असतं,” ते पाठमोरे म्हणाले. “डाव सुरू असता तरी.” हे आपल्याला होतं की आईंना, ते थोरलीला कळलं नाही.

खताचा खड्डा परसाच्या टोकाला, कुंपणालगत होता. तिथे धाकटी उभी होती. बाबांनी पाटी ओतली आणि वर बघितलं. तुंबे अगदी डोक्यावर होते.

“दोन महिने म्हणालीस ना?”

“हो, बाबा.”

“राहू देत.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी तू नसशील ना इथे. खोल्या बघितल्यात तुम्ही.” हे त्यांनी टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही, नुसतं मोजमाप सांगितल्यासारखं म्हटलं, आणि ते हात धुवायला गेले.

दोघी जावा खड्ड्यापाशी राहिल्या. थोरलीला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. आभार मानेल असं काही तिला वाटलं नव्हतं, तरी थोडंसं वाटलंही होतं.

“ताई, तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“शनिवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा मला तुंब्यांवरून सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही शेजारच्या बाकावर होतात.”

“होते.”

“तेव्हा काय विचार करत होतात?”

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. नवरा आत होता, सुचत नव्हतं, हे कोणालाही पटलं असतं, आणि अर्धं खरंही होतं. “वरच्या खोलीचा नाही,” ती म्हणाली. “तो आज केला. काल मी एवढाच विचार करत होते की हे माझ्यावर येऊ नये.”

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. “वरच्या खोलीचा काय विचार?”

“टेबल कुठे लावायचं त्याचा.”

धाकटी हसली, म्हणजे नाकातून हवा सोडली एवढंच. “खिडकीखाली नका लावू. सकाळी डोळ्यांवर ऊन येतं.”

“जाणार मग तुम्ही?”

“ते हे ठरवतील आणि मी ठरवीन. तुमचं टेबल त्याआधी वर नेऊ नका.” ती वळली. दोन पावलांवर थांबून म्हणाली, “तुमच्यावर राग आहे माझा. हे मी आजच सांगून ठेवते. नाहीतर मीही तीन वर्षं लावायची.”

*

संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसले. थोरला उशीला टेकून बसला होता. त्याच्यापुढे फक्त भाताचं पाणी होतं आणि ते तो औषधासारखं, डोळे मिटून पीत होता. बाकीच्यांना घेवड्याची भाजी होती. शेंगा बाबांनीच आदल्या दिवशी तोडलेल्या, दवाखान्यात जायच्या गडबडीत उशिरा.

थोरलीने वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि चावत राहिले. इतका वेळ चावत राहिले की हळूहळू सगळ्यांचेच हात थांबले.

“शेंगा निबर आहेत,” ते म्हणाले.

त्यांच्या घरात असं वाक्य कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यावर काय करायचं असतं हे कोणाला माहीत नव्हतं. आत्याने तोंडातला घास गिळायचा की नाही याचा विचार केला.

“थोड्या आहेत,” धाकटा सावधपणे म्हणाला.

“थोड्या नाही, चांगल्याच निबर आहेत,” धाकटी म्हणाली. “आणि मीठही कमी आहे, ताई.”

थोरलीने चव घेऊन पाहिली. “आहे खरं,” ती म्हणाली आणि मिठाची बरणी मधे ठेवली.

“मला कोणी विचारत नाहीये,” थोरला म्हणाला, “पण हे पाणी अगदी भिकार लागतंय.”

बाबांनी ताटातल्या शेंगा एका कडेला सारल्या. सगळ्यांत आधी त्यांनी सारल्या, मग एकेकाने. जेवणं झाली. थोरलीने सवयीने भांडं उचललं आणि थोरल्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की आज त्याच्याकडे बघण्यात अर्थ नाही. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. कोणी ताट पुढे केलं नाही. भांडं निम्मंअधिक भरलेलं होतं. तिने त्यावर झाकण ठेवलं, मग ते काढलं, आणि भांडं तसंच घेऊन ती मागच्या दाराने खड्ड्याकडे गेली.